मैनाचा माग : मोरगावकडच्या माळावरच्या नोंदी

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

वही आज सुरू करतेय, म्हणून आधी कारण लिहून ठेवते.

गेल्या एप्रिलमध्ये जेजुरी-मोरगाव रस्त्यावर आमच्या पुढच्या गाडीने एका चिंकारा मादीला उडवलं. ती उठली आणि तीन पायांवर लंगडत कडेच्या तरवडांत शिरली. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन केला. पण पथक येईपर्यंत आम्ही आठ-दहा जण काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन तिच्यामागे रान तुडवत राहिलो. तिला वाचवायचं हीच प्रत्येकाची इच्छा होती. अंधार पडला तरी ती सापडली नाही. चौथ्या दिवशी मेंढरं चारताना बापूंना ती दिसली, मेलेली. रस्त्यापासून जेमतेम पाचशे पावलांवर, ओढ्याकाठच्या बोरीच्या जाळीत. त्या जाळीवरून आम्ही दोनदा गेलो होतो.

तेव्हापासून जखमी हरणाचा माग कुत्र्याकडून कसा काढतात हे वाचतेय. ही विद्या शिकाऱ्यांची. जर्मनीत त्यासाठी वेगळ्या जातीच आहेत, हॅनोव्हरचा आणि बव्हेरियाचा श्वाइसहुंड. जर्मनमध्ये श्वाइस म्हणजे घाम, पण शिकाऱ्यांच्या बोलीत जनावराचं रक्त. गोळी लागून पळालेलं हरीण शोधून त्याचे हाल संपवायचे, एवढंच या कुत्र्यांचं काम. स्वीडनमध्ये शिकारीत जनावर जखमी झालं तर असा कुत्रा दोन तासांच्या आत जागेवर आणता आला पाहिजे, असा नियम आहे. नॉर्वेत मूस, लाल हरीण किंवा रो हरणाच्या शिकारीला मान्यताप्राप्त कुत्र्याची सोय नसेल तर जाताच येत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहायला हवी. कुत्र्याने जनावराला पिटाळणंही त्या कायद्यात शिकारीतच मोडतं. पण तारा, विहिरी, गाड्या आणि मोकाट कुत्री जनावरांना जखमी करतच असतात, आणि जखमी जनावर लपतं. त्याला हुडकायला शिकाऱ्यांची विद्या का वापरू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

चिंकारा खरं तर कुरंग. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं दरवर्षी गळतात, चिंकाऱ्याची आणि काळविटाची आयुष्यभर राहतात. पण माळावर सगळे त्याला हरीणच म्हणतात. मीही तेच लिहीन.

रविवार, १७ नोव्हेंबर

मैनाबद्दल. बीगल, मादी, तीन वर्षांची. आधीच्या घरात फार भुंकते म्हणून दिवसभर बाल्कनीत बांधलेली असायची. माझ्याकडे येऊन आठ महिने झाले.

मामा म्हणाले, "शिकारी कुत्रं पाहिजे तर कारवानी घे. आमच्या आज्याकडं होतं, सशाला जागेवर दाबायचं." कारवानी किंवा मुधोळ नजरेवर धावतो. सावज दिसलं की सुटतो, आणि वाऱ्यासारखा. मला नेमकं ते नकोय. मला नाक खाली घालून सावकाश चालणारा कुत्रा हवाय, जो माझ्या हातातल्या दोराला कधी विसरणार नाही. बीगल पिढ्यान् पिढ्या सशाच्या वासावर पोसलेला, त्यामुळे नाकाची चिंता नाही. सावकाशपणा मात्र शिकवावा लागेल.

पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक काका आमच्या सोसायटीत राहतात. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. दोर दहा मीटरचा हवा. आणि रुंद पट्टा मागाच्या कामाशिवाय कधी घालायचा नाही, म्हणजे तो गळ्यात पडला की काम सुरू झालं हे कुत्र्याला कळतं. दोन्ही रविवार पेठेतून आणलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

पहिला माग. मामांच्या शेताला लागून साताठ एकर पडीक आहे, तेच आमचं मैदान. अभयारण्यात पाऊलही टाकायचं नाही हे ठरलेलं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, हरणं त्याच्या बाहेर शेतांतूनही हिंडतात. म्हणून शेजारच्या जमिनीवरच शिकायचं.

रक्त खाटकाकडून आणलं, बोकडाचं. ताजं रक्त बाटलीत भरलं की गोठतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हा प्रश्न हातखंड्याचा होता. भांड्यात घेऊन काडीने ढवळत राहायचं, रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनचे धागे काडीला गुंडाळून येतात आणि उरलेलं पातळच राहतं. पन्नास-पन्नास मिलीच्या बाटल्या करून फ्रीजरमध्ये ठेवल्या. झाकणाला सुईने भोक.

शंभर मीटर सरळ रेघ, दर दोन पावलांना एक थेंब, तासभर मुरू दिला. टोकाला वाटीत उकडलेली कलेजी. मैनाला चार मिनिटं लागली. शेपूट सगळा वेळ वर होती.

शनिवार, ७ डिसेंबर

चंपाषष्ठी. जेजुरीच्या गर्दीने सासवडच्या पुढे गाडी हलत नव्हती. सराव झालाच नाही, जेवायच्या वेळेला मामांकडे पोचलो. देवघरातल्या टाकावर घोड्यावरचा खंडोबा आहे आणि पायाशी त्याचा कुत्रा. आज भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्याला घालतात. भरितात कांद्याची पात असते आणि कांदा कुत्र्याच्या रक्ताला घातक, हे मामीला सांगितलं. तिने नुसता रोडगा तूप लावून मैनापुढे ठेवला आणि हात जोडले. मग बाकीच्यांची पानं वाढली.

रविवार, १५ डिसेंबर

आज चूक झाली आणि ती माझी होती.

दोनशे मीटर, मध्ये एक काटकोन. वळणावर मी झुडपाला कपड्यांचा चिमटा लावून ठेवला होता. मैना चिमट्याच्या चार-पाच मीटर डावीकडून चालली होती. मी दोर ओढून तिला "बरोबर" रेघेवर आणलं. ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. पुढचा सगळा माग तिने दर दहा पावलांना मागे वळून माझं तोंड बघत काढला.

संध्याकाळी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "वारा कुठून होता?" पश्चिमेचा. "मग वास पूर्वेला सरकला असणार. ती वासावर होती, तू चिमट्यावर. बाळ, माग तुला आधी माहीत असला की कुत्रा जमिनीचा नाही, तुझा वास घ्यायला लागतो."

कुत्र्याच्या नाकात वासाचे ग्राहक वीस कोटींच्या पुढे, माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख. हुंगताना तो सेकंदाला पाच-सहा वेळा श्वास आत-बाहेर करतो. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून जातो, म्हणून समोरचा वास विस्कटत नाही. पाच-सहा पावलांच्या वासातला फरक ताडून जनावर कोणत्या दिशेला गेलं हेही तो ओळखतो. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी मी एका प्लॅस्टिकच्या चिमट्यावर जास्त विश्वास ठेवला.

यापुढे माग मामा घालतील. कुठून गेला हे मला कळणार नाही. चिमटे बंद.

रविवार, २९ डिसेंबर

गाडीची धडक बसलेल्या जनावराचं रक्त बाहेर सांडेलच असं नाही. हाड मोडतं, आत मार लागतो आणि जमिनीवर एक थेंब नसतो. शिकारी रक्तावरून जखम वाचतो : गुलाबी फेस म्हणजे फुफ्फुस, काळपट लाल म्हणजे यकृत, हिरवट आणि आंबूस वासाचं म्हणजे पोट. आपल्याला पुष्कळदा वाचायला काहीच मिळणार नाही. तेव्हा मैनाला खुराचा वास शिकवायला हवा.

युरोपात यासाठी एक खास बूट मिळतो, त्याच्या तळाला हरणाचे खूर बसवतात. इथे हरणाचं खूर, कातडं, शिंग जवळ ठेवणं गुन्हा आहे, तो विचारही नको. पर्याय बापूंनी दिला. मेंढीच्या चारही पायांत खुरांच्या बेचक्यात एक ग्रंथी असते, तिचा तेलकट वास पावलागणिक जमिनीला लागतो. हरणांनाही ती असते. शेळीला नसते, म्हणून बोकडाचे पाय चालणार नाहीत. मटणाच्या दुकानात पाया भाजून, केस जाळून देतात, त्यात तो वास राहत नाही. बापूंच्या ओळखीच्या खाटकाने न भाजलेले चार पाय दिले. मामांनी ते जुन्या गमबुटांच्या तळव्यांना स्क्रूने बसवले आणि त्यावर चालायची सवय करायला अंगणात दहा फेऱ्या मारल्या.

दीडशे मीटर, फक्त दहा मिली रक्त. मैना न चुकता टोकाला. मी फार खूश झाले.

परत येताना तिच्या नाकातून सारखं फुरफुर. डाव्या नाकपुडीत कुसळ शिरलं होतं. डॉक्टरांनी भूल देऊन काढलं. पिकलेल्या कुसळीच्या गवतात आता तिला नेणार नाही, आणि प्रत्येक फेरीनंतर नाक, कान आणि पंज्यांची बेचकी तपासायची.

रविवार, १२ जानेवारी २०२५

काकांनी मोरगावला येऊन एकदा स्वतः बघितलं. मग मामांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, मला नाही.

माग सुरू झाला. मैना दोनशे मीटर छान गेली. तिथे माग फुटत होता. ती डावीकडे वळली, आणि मी, आता तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवून, तिच्यामागे. टोकाला हिवराखाली मामा बसलेले. साध्या चपलेत. कलेजी नाही, काही नाही.

त्या फाट्यावर मामांनी खुरांचे बूट काढून बापूंच्या नातवाला दिले होते. पोरगं ते घालून उजवीकडे गेलं, मामा चपला घालून डावीकडे. चार आठवडे मैना रक्ताचा किंवा खुरांचा नव्हे, मामांचा माग काढत होती. रोज माग घालणारा माणूस तोच, आणि शेवटी कलेजी ठेवणाराही तोच. तिच्या हिशेबाने ती बरोबरच होती.

मला रडू आलं. काका शांतपणे म्हणाले, "हे आज कळलं ते बरं. खऱ्या कामाला गेल्यावर कळलं असतं तर?"

आता दर वेळी माग घालणारा वेगळा : मामी, नातू, बापू, शेजारचे. आणि प्रत्येक मागावर एक फाटा, जिथे माणूस एकीकडे जातो आणि खूर दुसरीकडे.

रविवार, २६ जानेवारी

आज तिसऱ्या फाट्यावर मैना माणसाच्या वासापाशी दोन सेकंद थांबली, वळली आणि खुरांवर गेली. माग मामीने घातला होता.

नंतर बापूंचा कळप मागावरून आडवा गेला, दीडेकशे मेंढरं. मैना दिशाहीन झाली. गोल फिरली, बसली. मी दोर सैल सोडून उभी राहिले. सहा मिनिटांनी ती स्वतः उठली, कळपाची वाट ओलांडून पलीकडे मोठं अर्धवर्तुळ काढलं आणि जुना माग उचलला. ताज्या दीडशे मेंढरांच्या वासातून तासाभरापूर्वीची एक मेंढी तिने कशी वेगळी काढली, हे बापूंनी मला तीनदा विचारलं. त्या एकीच्या वासाला सुरुवातीपासून धरून ती आली होती, एवढंच मला सांगता आलं. "आमच्या कुत्र्याला राखायचं कळतं," बापू म्हणाले, "हिला निवडायचं कळतंय."

रविवार, ९ फेब्रुवारी

ससा उठला. मैना भुंकत सुटली, दोराने माझी बोटं सोलली. तिला थांबवलं, पट्टा काढला, गाडीत ठेवलं, दिवस संपला. पट्टा निघाला म्हणजे काम गेलं, हे तिला कळायला हवं. जखमी हरणामागे ती अशी सुटली तर ती त्याला वाचवणार नाही, मारेल.

हे नीट लिहून ठेवायला हवं. घाबरून जिवाच्या आकांताने पळालेल्या हरणाचे स्नायू आतून फुटायला लागतात. अंगाचा ताप चढतो, तुटलेल्या स्नायूंतला अंश रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पाडतो. डॉक्टर याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. बाहेर जखम नसतानाही जनावर काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतं. शिकारीही पोटात गोळी लागलेल्या हरणामागे लगेच जात नाहीत, काही तास थांबतात. कारण त्याला कोणी छेडलं नाही तर ते जवळच कुठेतरी बसतं, छेडलं तर मैलभर जातं.

एप्रिलमध्ये ती मादी पाचशे पावलांवर बसली होती. आमच्या बॅटऱ्या आणि आरडाओरडा तिने जवळून ऐकला असणार.

रविवार, २३ फेब्रुवारी

जर्मन परीक्षेचा माग साधारण असा असतो : एक किलोमीटर, पाव लिटर रक्त, वीस तास मुरलेला. पुढची पायरी चाळीस तासांची. मी रक्त वीस मिलीवर ठेवलं. काल दुपारी साडेअकराला नातवाने माग घातला, आज सकाळी साडेसातला आम्ही सुरू केलं. दंव होतं, ते फार उपयोगी पडलं. ओलाव्यात वास पुन्हा उठतो. ऊन चढल्यावर हाच माळ कोरा होतो, दहा वाजता त्याच जागी मैनाला काही मिळत नाही हे दोनदा बघितलंय.

सत्तेचाळीस मिनिटं. दोनदा चुकली, दोनदा स्वतः परत आली. शेवटच्या वीस मीटरवर मी शिकवल्याप्रमाणे खाली बसली, भुंकली नाही. हे "बसणं" म्हणजे तिची खबर : समोर आहे, पुढे जाऊ नका.

वन विभागाकडे जानेवारीत लेखी विचारणा केली होती. उत्तर आलं : बोलावलं तरच यायचं, कर्मचारी सोबत असतील तेव्हाच, दोरावर, अभयारण्याबाहेर. मला हे सगळं मान्य आहे.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी सहा चाळीसला मामांचा फोन. शेजारच्या हरभऱ्याच्या काटेरी तारेत चिंकारा नर अडकला होता. धडपडून सुटला, मागचा पाय फाटलाय, ओढ्याकडे गेला. मामांनी १९२६ आणि वनरक्षकांना आधीच कळवलं होतं. वनरक्षकांनी मला यायला सांगितलं.

लॅबमध्ये रजा टाकून बोपदेव घाटाने निघाले. साडेआठला पोचले तर बांधावर पंधरा-वीस माणसं, पण एकही ओढ्याकडे गेलेला नव्हता. मामा बांधाच्या तोंडाशी उभे होते. "कोणी पुढं जायचं नाही," एवढंच ते म्हणत होते.

थांबणं फार अवघड गेलं. ऊन चढत होतं, माग मिनिटामिनिटाला विरत होता. पण पथक लांब असताना जनावर उठवलं तर त्याला पुन्हा पळायला लावण्यापलीकडे काही साधणार नव्हतं. पथकाची गाडी सासवडच्या पुढे आल्याचा फोन आला तेव्हा सव्वानऊ. मग पट्टा घातला.

तारेपासून साठेक मीटर रक्त डोळ्यांनाही दिसत होतं. पुढे काही नाही. ओढ्याच्या कोरड्या वाळूत मैनाचं नाक हरलं. तिने एक फेरी मारली, दुसरी मारली. मी गप्प उभी. वनरक्षक हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, वर गेलं असंल." मी मान हलवली, पण दोर हलवला नाही. तिसऱ्या फेरीला ती खालच्या अंगाला, बाभळीच्या मुळाशी वर चढली. पन्नास पावलांवर गवत दबलेलं, त्यावर वाळलेला काळसर डाग. इथे तो बसला होता आणि उठला होता.

तिथून ती फारच हळू चालली. दोर माझ्या हातात सैल. एका हिवराच्या अलीकडे तिने पुढचा एक पाय उचलला, तसाच धरला आणि बसली.

मला काही दिसेना. मग सावलीत एक कान हलला.

तीसेक पावलांचं अंतर. मैनाच्या तोंडात कलेजी दिली, तिला उचलून घेतलं आणि आल्या वाटेने मागे आलो. वनरक्षकांनी पथकाला हाताने दिशा दाखवली. चौघे जाळी घेऊन दोन बाजूंनी गेले. डोळ्यांवर काळं कापड पडलं तसा तो निपचित झाला. माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलत होती. बांधावरच्या गर्दीतूनही आवाज आला नाही. गाडीत चढवेपर्यंत अकरा मिनिटं लागली. फोनवर मोजलेलं मागाचं अंतर सातशे चाळीस मीटर.

बुधवार, १२ मार्च

हाड शाबूत आहे, टाके घातलेत. पाणी प्यायला. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचा धोका अजून टळलेला नाही, काही दिवस बघावं लागेल.

काल घरी आल्यावर मैनाचे पंजे तपासले होते. पुढच्या डाव्या पंज्याच्या बेचक्यात एक कुसळ होतं, आत शिरायच्या बेतात. काढलं.

रविवार, १६ मार्च

नर खातोय, उभा राहतोय. सोडायचं कधी ते डॉक्टर ठरवतील.

माळ तापलाय, ऊन चढल्यावर जमिनीला हात लावून बघितलं तर चटका बसतो. मैनाचे पाय भाजतील आणि वासही टिकणार नाही. पावसाळ्यापर्यंत सराव बंद. चाळीस तासांचा माग जूनमध्ये. बापूंना निरोप दिला, तोवर मेंढीचे पाय नकोत.